दुर्योधनाला हसलं कोण? : महाभारतावर शोधनिबंध लिहिताना

महाभारतावर शोधनिबंध लिहायला बसलं की पहिली अडचण संस्कृतची येत नाही. गोष्ट आधीच पाठ असते, ही खरी अडचण. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडतो, द्रौपदी खदखदून हसते, ‘आंधळ्याचा मुलगा आंधळाच’ म्हणते आणि तिथून पुढचं सगळं रामायण घडतं, नव्हे, महाभारत. कीर्तनं, नाटकं आणि मालिका यांतून हे इतकं मुरलेलं असतं की समोर मूळ ग्रंथ उघडा असला तरी डोळे तीच गोष्ट वाचत राहतात. हा निबंध त्याच प्रसंगावर होता. त्याचं काम कसकसं होत गेलं, कुठे अडलं आणि का अडलं, ते इथे लिहितो आहे.

कामाला सुरुवात केली तेव्हा विषय होता ‘सभापर्वातील अपमानाची संकल्पना’. ऐकायला बरा, लिहायला अशक्य. सभापर्वाच्या चिकित्सक आवृत्तीत, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेल्या पाठात, ७२ अध्याय आहेत आणि त्यांत अपमानांची नुसती रांग लागली आहे. शिशुपाल कृष्णाला भर यज्ञात शिव्या देतो, विदुराला सभेत घालूनपाडून बोललं जातं, द्रौपदीला केस धरून ओढत आणलं जातं. यातला एकेक प्रसंग स्वतंत्र निबंध मागतो. पाच-साडेपाच हजार शब्दांत हे सगळं कोंबलं की हाती येतो तो कथासारांश, वर थोडे शेरे. ‘कर्ण : एक शोकनायक’ किंवा ‘महाभारतातील स्त्रीदर्शन’ या विषयांचं हेच होतं. विषय वाईट नसतात, पण त्यांत प्रश्न नसतो.

मग एक हिशोब धरला, जो पुढेही उपयोगी पडला. साधारण साडेपाच हजार शब्दांच्या निबंधात साठ ते शंभर श्लोकच खरे नीट वाचून दाखवता येतात. त्याहून जास्त घेतले की अवतरणं वाढतात आणि विश्लेषण आटतं. म्हणून सबंध सभापर्व दोनदा वाचायचं, पण लिहायचं दोनच अध्यायांवर, असं ठरवलं. रोज सहा अध्याय या गतीने एका वाचनाला बारा दिवस लागतात. पहिल्या वाचनात काहीही टिपून ठेवायचं नाही, फक्त जिथे आपल्याला माहीत असलेली गोष्ट आणि समोरचा पाठ जुळत नाहीत तिथे समासात फुली मारायची. अशा फुल्या अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघतात. ४३व्या आणि ४६व्या अध्यायांवर त्यांची सर्वांत दाट गर्दी झाली, तेव्हा विषय आपोआप ठरला.

पण त्याआधी पाठाचा प्रश्न सोडवावा लागतो आणि बहुतेक निबंध इथेच कच्चे राहतात. ‘महाभारतात असं म्हटलं आहे’ या वाक्याला संशोधनात फारसा अर्थ नाही. कोणत्या महाभारतात? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने एकूण १,२५९ हस्तलिखितं ताडून जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिचं काम १९१९ साली सुरू झालं आणि १९६६ साली पुरं झालं. आदिपर्व वि. स. सुखटणकरांनी १९३३ साली पूर्ण केलं, सभापर्वाचं संपादन फ्रँकलिन एजर्टन यांनी केलं आणि ते १९४४ साली निघालं. दुसरीकडे नीलकंठ या भाष्यकाराच्या टीकेसह (भाष्यासह) चालत आलेला रूढ पाठ आहे आणि दक्षिणेची परंपरा आणखी वेगळी, अधिक विस्ताराची आहे. द्रौपदीच्या वस्त्रहरणात तिने ‘गोविंद द्वारकावासिन्’ असा केलेला कृष्णाचा धावा रूढ पाठात आहे, चिकित्सक आवृत्तीच्या सिद्ध पाठात (संपादकांनी ताडून स्वीकारलेल्या पाठात) नाही. तिथे नुसतं एवढंच आहे की वस्त्र ओढलं जात असताना तसंच दुसरं वस्त्र पुन्हा पुन्हा प्रकट होत राहिलं. या एका फरकावर भक्ती, दैव, धर्म यांबद्दलचे सगळे निष्कर्ष उलटे होऊ शकतात. मयसभेतलं द्रौपदीचं ते प्रसिद्ध वाक्यही सिद्ध पाठात नाही.

म्हणून कोणता पाठ घेतला आणि का, हे निबंधात पहिल्या दोन पानांतच सांगून टाकावं. मी चिकित्सक आवृत्ती घेतली. पण ती घेतली म्हणजे ‘मूळ’ महाभारत हाती आलं, असं लिहिणं चूक आहे. संपादकांचा दावाही तसा नाही. उपलब्ध हस्तलिखितांवरून मागे जाता जाता जिथवर पोहोचता येतं तो हा पाठ. जिथे संपादकांना स्वतःलाच खात्री नाही, तिथे शब्दांखाली नागमोडी रेघ दिलेली असते. आपला सगळा युक्तिवाद ज्या शब्दावर उभा आहे त्याच्याखाली अशी रेघ नाही ना, हे छापील खंडात पाहावंच लागतं, कारण संगणकावरच्या प्रतींमध्ये ती रेघ उतरत नाही.

छापील पानाचा खालचा अर्धा भाग वाचायला शिकणं हे एका दुपारचं काम आहे, पण ते टाळलं की पुढे महिनाभर त्रास होतो. वर सिद्ध पाठ, खाली पाठभेद आणि तारांकित श्लोक, म्हणजे काही हस्तलिखितांत आहेत पण सिद्ध पाठात घेतलेले नाहीत असे. लांबलचक प्रक्षेप, म्हणजे मागाहून घातलेले भाग, खंडाच्या शेवटी परिशिष्टात टाकलेले असतात. प्रत्येक हस्तलिखिताला अक्षराचं चिन्ह आहे: शारदा, काश्मिरी देवनागरी, बंगाली, तेलुगू, ग्रंथ (ही दक्षिणेतली एक लिपी), मल्याळम, असे लिपीवरून गट. उत्तरेच्या सगळ्या पोथ्या एका बाजूला आणि दक्षिणेच्या दुसऱ्या बाजूला असा फरक दिसला तर तो परंपरांचा फरक असतो, तर एखाद्-दुसऱ्या पोथीतला फरक बहुधा नकलणाऱ्याच्या हातचा. पहिल्या प्रकारच्या फरकाची दखल निबंधात घ्यावी, दुसऱ्याची क्वचितच.

आकड्यांचा घोळ मात्र सर्वांना छळतो. चिकित्सक आवृत्तीतला ४३वा अध्याय रूढ पाठात ४७वा आहे. किसारी मोहन गांगुलींचं इंग्रजी भाषांतर (१८८३ ते १८९६) जुन्या छापील पाठांवर आहे, व्हान ब्यूटेनेन यांचं चिकित्सक आवृत्तीवर आहे. एका ठिकाणाहून श्लोकाचा आकडा उचलला आणि दुसऱ्या ठिकाणाहून भाषांतर, की संदर्भ कुठेच जुळत नाही आणि तपासणाऱ्याचा विश्वास पहिल्या पानावरच उडतो. यावर उपाय साधा आहे. वहीच्या पहिल्या पानावर आपल्या दोन अध्यायांचे आकडे वापरत असलेल्या सर्व आवृत्त्यांत काय आहेत, याचं एक कोष्टक करून ठेवायचं. चिकित्सक आवृत्तीच्या संगणकीय पाठात प्रत्येक ओळीला आठ अंकी क्रमांक असतो: पहिले दोन अंक पर्व, पुढचे तीन अध्याय, शेवटचे तीन श्लोक. ०२०४६०३० म्हणजे दुसरं पर्व, ४६वा अध्याय, ३०वा श्लोक. शब्द शोधायला ही प्रत फार सोयीची. मात्र शोधताना संधी विसरू नये. ‘अवहास’ (उपहास) शोधलं तर ‘सपत्नेनावहासो’मधला शब्द सापडणार नाही, कारण ‘अ’ आधीच्या शब्दात विरघळलेला असतो. ‘वहास’ एवढंच शोधावं.

आता प्रसंगाकडे. दोन्ही अध्याय मिळून साधारण सत्तर श्लोक. ते हाताने उतरवून काढले, एका ओळीला तीन ओळींची जागा सोडून. उतरवून काढणं जुनाट वाटतं, पण डोळ्यांना सवयीची गोष्ट वाचू न देण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. मग प्रत्येक श्लोकाला तीनच प्रश्न विचारले: बोलतं कोण, कुणाशी, आणि या श्लोकात हसतं कोण?

४३व्या अध्यायात सांगणारा वैशंपायन, ऐकणारा जनमेजय. दुर्योधन स्फटिकाच्या जमिनीला पाणी समजून वस्त्र वर उचलतो, पुढे पाण्याला जमीन समजून वस्त्रांसकट त्यात पडतो. सेवक मोठ्याने हसतात आणि राजाच्या आज्ञेवरून त्याला दुसरी वस्त्रं देतात. मग भीम, अर्जुन आणि जुळे भाऊ हसतात. एवढंच. द्रौपदी नाही. कृष्णही नाही, आणि तो असणारही नाही, कारण आदल्याच अध्यायाच्या शेवटी सांगितलं आहे की कृष्ण द्वारकेला निघून गेल्यावर दुर्योधन आणि शकुनी तेवढे त्या सभेत राहिले. यानंतर एक ओळ येते, जी पुढे सगळ्या निबंधाचा कणा ठरली: ‘आकारं रक्षमाणस्तु न स तान्समुदैक्षत’. चेहऱ्यावर काही उमटू न देता तो राहिला आणि त्याने त्यांच्याकडे वर पाहिलंच नाही.

त्याच अध्यायात पुढे, परतीच्या वाटेवर, दुर्योधन शकुनीजवळ मन मोकळं करतो. आगीत शिरेन, विष खाईन, पाण्यात जीव देईन इथवर बोलतो. पण हसण्याचा उल्लेख करतो तो फक्त ‘रक्षिभिः’ असा, म्हणजे रखवालदारांच्या हसण्याने मी आगीने भाजावं तसा भाजतो आहे. भीमार्जुनांच्या हसण्याबद्दल तिथे अवाक्षर नाही.

४६व्या अध्यायात तोच प्रसंग तो धृतराष्ट्राला एकांतात सांगतो आणि हसणाऱ्यांची यादी बदलते. वस्त्र उचललं तेव्हा भीम हसला. पाण्यात पडलो तेव्हा ‘तत्र मां प्राहसत्कृष्णः पार्थेन सह सस्वनम्। द्रौपदी च सह स्त्रीभिः’, म्हणजे कृष्ण अर्जुनासह मोठ्याने हसला आणि द्रौपदी इतर स्त्रियांबरोबर. आणि नकुल-सहदेव? वैशंपायनाच्या सांगण्यात ते हसणाऱ्यांत आहेत, दुर्योधनाच्या सांगण्यात दारावर कपाळ आपटल्यावर दोघे त्याला कळवळून हातांनी सावरतात आणि सहदेव पुन्हा पुन्हा ‘राजा, दार इकडे आहे’ म्हणतो.

हे सगळं एका कोष्टकात मांडलं: उभे तीन रकाने (वैशंपायन जनमेजयाला, दुर्योधन शकुनीला, दुर्योधन धृतराष्ट्राला), आडव्या ओळींत घटना. असं कोष्टक मांडायला अर्धा दिवस लागतो आणि ते निबंधात छापायचंही नसतं, पण विधान त्यातूनच निघतं. कोष्टकाआधी वहीत लिहिलेलं विधान होतं: ‘दुर्योधनाचा मत्सर हे द्यूताचं कारण आहे.’ हे कुणीही नाकारणार नाही, म्हणूनच ते निरुपयोगी आहे. कोष्टकानंतरचं विधान असं झालं: ‘मयसभेतल्या अपमानाचं सभापर्वात तीनदा कथन होतं. ऐकणारा बदलतो तशी हसणाऱ्यांची यादी बदलते. ज्याने हसणाऱ्यांकडे पाहिलंच नाही असं निवेदक सांगतो, त्याच्याच तोंडी सर्वांत तपशीलवार यादी येते. अपमान हा इथे घडलेल्या गोष्टीइतकाच सांगण्यातून रचला जातो.’ याच्याशी वाद घालता येतो. ज्या विधानाशी वाद घालता येत नाही ते विधान नव्हे, ती माहिती.

विश्लेषणाचा एक परिच्छेद कसा बसवला ते जवळून पाहू, कारण ‘जवळून वाचा’ असं सगळे सांगतात, पण म्हणजे काय करायचं ते कमी जण सांगतात. वस्त्रं देण्याची गोष्ट दोन्ही अध्यायांत आहे. वैशंपायन म्हणतो, ‘वासांसि च शुभान्यस्मै प्रददू राजशासनात्’, राजाच्या आज्ञेवरून त्याला उत्तम वस्त्रं दिली. दुर्योधन म्हणतो, ‘ददुर्वासांसि मेऽन्यानि तच्च दुःखतरं मम’, मला दुसरी वस्त्रं दिली आणि ते मला अधिक दुःखाचं झालं. पहिल्या खर्ड्यातला परिच्छेद असा होता: दुर्योधनाला मदतही अपमानच वाटते, यावरून त्याचा अहंकारी स्वभाव दिसतो. हे खोटं नाही, पण यासाठी श्लोक वाचावाच लागत नाही. दुसऱ्या खर्ड्यात फक्त शब्दांकडे पाहिलं. निवेदकाच्या तोंडी वस्त्रांना विशेषण आहे ‘शुभ’, उत्तम. दुर्योधनाच्या तोंडी त्याच जागी ‘अन्य’ आलं आहे, नुसती दुसरी. देणाऱ्याचं औदार्य एका विशेषणाबरोबर गळून पडलं. राजाच्या आज्ञेचा उल्लेख मात्र तो गाळत नाही, उलट जपतो, कारण दुखणं तिथेच आहे. आणि ‘दुःखतर’ या शब्दातला ‘तर’ तुलना करतो: कशाहून अधिक दुःख? लगेच आधीच्या श्लोकात हसणं आहे. म्हणजे त्याच्या स्वतःच्या मोजमापात हसण्यापेक्षा वस्त्रं मिळणं जास्त लागलं. प्रचलित गोष्टीत सगळा भार द्रौपदीच्या हसण्यावर टाकलेला असतो. दुर्योधन स्वतः तसं म्हणत नाही.

हा परिच्छेद साडेतीनशे शब्दांचा झाला आणि दोनच ओळींवर उभा आहे. एकूण विश्लेषणात असे आठ परिच्छेद बसले.

भाषांतरांचा उपयोग इथे वेगळ्या तऱ्हेने होतो. संस्कृत कच्चं असेल तर आधार म्हणून भाषांतर लागतंच, पण पक्कं असलं तरी दोन-तीन भाषांतरं शेजारी ठेवावीत. जिथे भाषांतरकार एकमेकांशी जुळत नाहीत, तिथे मूळ शब्दात काहीतरी अडकलेलं असतं. मात्र एका भाषांतरातल्या शब्दावर युक्तिवाद उभारला तर तो भाषांतरकाराबद्दलचा युक्तिवाद होतो, महाभारताबद्दलचा नव्हे. मराठीत आणखी एक फसगत आहे. आपल्याकडे महाभारतावर ललित चिंतनाची मोठी परंपरा आहे आणि त्यातली वाक्यं इतकी नेमकी असतात की ती मूळ पाठातलीच वाटू लागतात. ती उद्धृत करावीत, पण लेखकाचं मत म्हणून. माझ्या टिपणांत अशी तीन वाक्यं सापडली, ज्यांच्यापुढे श्लोकाचा आकडा नव्हता. शोधायला गेल्यावर कळलं की ती महाभारतात नाहीतच.

पूर्वसंशोधनाला किती वाचायचं, हा प्रश्न नेहमी येतो. या आकाराच्या निबंधाला पंधरा ते वीस लेख किंवा प्रकरणं पुरतात, त्यांतली पाच-सहा नीट, बाकी चाळून. क्रम मात्र महत्त्वाचा: आधी पाठ, मग विधानाचा कच्चा मसुदा, मग पूर्वसंशोधन. उलट केलं की आपण इतरांच्या प्रश्नांना उत्तरं देत बसतो. व्हान ब्यूटेनेन यांनी सभापर्वातलं द्यूत हे राजसूय यज्ञाच्या विधीचाच भाग आहे, असं मांडलं. अभिषेकानंतर राजाने फासे खेळायचे असतात. हे मत मान्य केलं तर दुर्योधनाचा अपमान हे द्यूताचं कारण उरतच नाही, खेळ तसाही व्हायचाच होता. सुरुवातीला हे मत माझ्या विधानाच्या आड येतं असं वाटून त्याला बगल दिली होती. प्रत्यक्षात ते मदतीला आलं: खेळाला बाहेरचं कारण लागतच नसेल, तर दुर्योधन इतकं तपशीलवार कारण का रचतो, हा प्रश्न जास्तच धारदार होतो. आड येणारा लेख टाकून देण्याआधी एकदा तरी असा उलटा करून पाहावा.

खरा आक्षेप दुसराच होता आणि त्याने दोन आठवडे खाल्ले. ४६व्या अध्यायाच्या सुरुवातीला जनमेजय द्यूताची कथा पुन्हा, विस्ताराने सांगायला सांगतो आणि वैशंपायन ती जणू नव्याने सुरू करतो. म्हणजे ४३ ते ४५ आणि ४६पासून पुढे ही एकाच कथेची दोन रूपं शेजारी-शेजारी जोडलेली असू शकतात. तसं असेल तर यादीतला फरक हा दुर्योधनाचा नसून दोन वेगळ्या कथनपरंपरांचा आहे. द्वारकेला गेलेला कृष्ण हसताना दिसतो तो खोटेपणामुळे नव्हे, तर जोडकामामुळे.

हा आक्षेप गाळून निबंध पुरा करता आला असता, पण तपासणाऱ्याने तो पहिल्या वाचनात काढला असता. उत्तर देण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते: आपण पाठ घडला कसा याचा अभ्यास करतो आहोत, की आज समोर आहे तो पाठ कसा चालतो याचा? दोन्ही रास्त आहेत, पण एकाच परिच्छेदात दोन्ही करता येत नाहीत. मी दुसरा मार्ग घेतला आणि तसं स्पष्ट लिहिलं. जोड असेलही, पण ज्यांनी ही दोन रूपं एकत्र ठेवली त्यांनी दुसरं रूप दुर्योधनाच्या तोंडी राहू दिलं, वैशंपायनाच्या नाही. द्रौपदीचं हसणं या दोन अध्यायांत फक्त दुर्योधनाच्या शब्दांतून आपल्यापर्यंत येतं, ही गोष्ट जोड मानली तरी तशीच राहते. शिवाय शकुनीला सांगितलेलं कथन पहिल्याच रूपातलं आहे, त्यामुळे वैशंपायन आणि दुर्योधन यांच्यातला फरक त्या एका रूपाच्या आतही दिसतो. विधानाची धार मात्र थोडी कमी करावी लागली. ‘दुर्योधन खोटं बोलतो’ हे वाक्य सगळीकडून काढलं.

अशी आणखी काही वाक्यं कात्रीत गेली. ‘व्यासांना इथे सुचवायचं आहे की…’ ही सुरुवात सात ठिकाणी होती. शतकानुशतकं अनेक हातांनी घडलेल्या ग्रंथात व्यासांच्या मनात काय होतं, हे सांगता येत नाही. त्या जागी ‘निवेदक’ किंवा ‘पाठ’ हा कर्ता केला आणि सातपैकी चार वाक्यं कर्ता बदलताच पोकळ निघाली. एक मुद्दा काढताना मात्र जिवावर आलं. सगळा प्रसंग नजरेच्या फसगतीचा आणि तो ऐकणारा धृतराष्ट्र आंधळा, ज्याला काहीच पडताळून पाहता येणार नाही. फार मोहक जुळणी आहे. पण या संवादात धृतराष्ट्राच्या अंधत्वाशी तिचा धागा जोडणारा एकही शब्द मला मिळाला नाही, म्हणून ती तळटीपेतही ठेवली नाही.

लिहिण्याचा क्रम असा ठेवला: आधी विश्लेषण, मग आक्षेप, मग पाठाविषयीचं टिपण, शेवटी प्रस्तावना. प्रस्तावना आधी लिहिली की ती ‘महाभारत हा भारतीय संस्कृतीचा आधारस्तंभ आहे’ इथून सुरू होते आणि दोन पानं तिथेच फिरते. शेवटी लिहिली की थेट वस्त्रांच्या त्या ओळीपासून सुरू करता येते. शब्दांची वाटणी साधारण अशी झाली: प्रस्तावना ४००, पाठ आणि आवृत्ती ४००, पूर्वसंशोधन ७००, विश्लेषण ३,०००, आक्षेप ७००, समारोप ३००. कथासारांशाला वेगळा भाग नाही. वाचकाला कथा माहीत आहे, हे गृहीत धरून प्रत्येक अवतरणाआधी एका वाक्यात प्रसंग सांगितला.

अवतरणांचं काम किचकट आहे आणि चुका तिथेच होतात. श्लोक देवनागरीत, लगेच खाली स्वतःचा मराठी अर्थ, कंसात पर्व-अध्याय-श्लोक. अर्थ दुसऱ्याचा घेतला तर त्याचं नाव. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधून मजकूर आणला असेल तर अवग्रह (ऽ हे चिन्ह) हमखास गळतो: ‘मेऽन्यानि’चं ‘मेन्यानि’ होतं, दंडाच्या जागी कळफलकावरची उभी रेघ येते, जोडाक्षरं सुटतात. रूपांतर करण्याच्या साधनावर भरवसा न ठेवता प्रत्येक श्लोक छापील खंडाशी अक्षरशः बोट ठेवून ताडावा. एकाने मोठ्याने वाचावं, दुसऱ्याने पाहावं, हे सर्वांत बरं. सव्वीस अवतरणांत अकरा चुका निघाल्या, त्यांतल्या नऊ अवग्रहाच्या आणि विसर्गाच्या.

साम्यतपासणीचाही, म्हणजे मजकूर दुसरीकडून उचललेला नाही ना हे पाहणाऱ्या संगणकीय तपासणीचाही, एक चटका आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं आणि संदर्भासह दिलेली अवतरणं त्यातून वगळायची असतात. पण महाभारताचे श्लोक जालावर शेकडो ठिकाणी आहेत. अवतरणं वगळण्याचा पर्याय निवडायचा राहिला, किंवा श्लोक अवतरणचिन्हांशिवाय नुसते आत सरकवून दिलेले असले, तर आकडा भलताच फुगून येतो. घाबरून श्लोक कमी करू नयेत. अहवालात नेमकं काय जुळलं आहे ते उघडून पाहावं आणि पर्याय नीट लावून तपासणी पुन्हा करावी.

निबंध तपासून परत आला तेव्हा दोन सूचना होत्या. एक, ४३व्या अध्यायातल्या हसण्याच्या श्लोकांखाली दिलेले पाठभेद आणि तारांकित ओळी निबंधात नोंदवा, त्या पाहिल्याचं सांगा. दोन, कृष्ण द्वारकेत असल्याचा मुद्दा तळटीपेत पुरला आहे, तो वर आणा. दोन्ही रास्त होत्या. पहिलीसाठी पाठाच्या टिपणात दीडशे शब्द वाढले. दुसरीसाठी तळटीप उचलून विश्लेषणाच्या दुसऱ्या परिच्छेदात आणली आणि जागा करायला समारोपातले तेवढेच शब्द काढले. समारोप दीडशे शब्दांचा उरला.